बॉल उजवीकडे का पळतो: डाउनस्विंगचं प्लेन, गच्चीवरचं जाळं आणि फक्कीची रेघ

सांगली-मिरजेकडे गोल्फचा क्लब हातात घेणारा माणूस बहुतेक वेळा क्रिकेटमधून आलेला असतो. विजय हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले, स्मृती मानधना इथेच वाढली, त्यामुळे गल्लीतल्या पोराच्या हातात आधी बॅट येणार हे ठरलेलंच. मग चाळिशीनंतर कुणीतरी पुण्याहून जुना सेट आणतो, जाळं टांगतो आणि पहिल्याच आठवड्यात कळतं की उभा असलेला, न हलणारा बॉल डावीकडे सुटून उजवीकडे पळतोय.

कारण साधं आहे. हाताला पुल शॉट पाठ आहे. आखूड टप्प्याचा चेंडू छातीपर्यंत आला की उजवा खांदा पुढे येतो, खालचा हात वरून गुंडाळतो आणि बॅट बाहेरून आत ओढली जाते. क्रिकेटमध्ये याला चौकार मिळतो. गोल्फमध्ये याच हालचालीचं नाव ‘ओव्हर द टॉप’, आणि उजवीकडे वळून पळणाऱ्या बॉलचा, म्हणजे स्लाइसचा, उगम बहुतेक वेळा इथेच असतो. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.)

प्लेन म्हणजे काय, हे डोळ्यासमोर आणायला उतरत्या पाखीचा पत्रा बघा. पत्र्याचं खालचं टोक बॉलवर, वरचं खांद्यावर, आणि क्लब त्या उतारावरून फिरतो. अमेरिकी गोल्फपटू बेन होगनने १९५७ मध्ये हीच गोष्ट काचेच्या तावदानाने समजावली होती. पत्रा किती उभा हे क्लबवर ठरतं. सात नंबर आयर्नचा (लोखंडी डोक्याचा मधल्या लांबीचा क्लब) दांडा जमिनीशी साधारण ६२ अंशात असतो, ड्रायव्हर हा सगळ्यात लांब क्लब म्हणून त्याचा उतार त्याहून सपाट. मात्र क्लब वर जाताना आणि खाली येताना एकाच पत्र्यावर राहत नाही. चांगल्या डाउनस्विंगमध्ये तो वर गेला त्यापेक्षा किंचित खालच्या उतारावरून येतो: बॉल ते खांदा या रेषेच्या खालून आणि सुरुवातीच्या दांड्याच्या रेषेच्या वरून. वरची रेषा ओलांडून बाहेर आला की प्लेन उभं झालं, खालच्या रेषेच्याही खाली गेला की क्लब मागे अडकला. दोन्हींची औषधं एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून आधी आपला आजार कोणता ते नक्की करायला हवं.

त्याआधी एक गोष्ट, जिच्यावर बाकी सगळं उभं आहे. बॉल कुठल्या दिशेने सुटतो ते मुख्यतः क्लबफेस, म्हणजे बॉलला लागणारा क्लबचा सपाट भाग, ठरवतो: आयर्नला साधारण तीन चतुर्थांश, ड्रायव्हरला त्याहून जास्त. आणि सुटल्यावर वळतो ते फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. मार्ग सहा अंश डावीकडे, फेस दोन अंश डावीकडे, तर बॉल थोडा डावीकडून सुरू होऊन उजवीकडे वळणार. फेसही सहा अंश डावीकडे असेल, तर सरळ डावीकडे जाणार, म्हणजे पुल. फेस उघडा राहण्याची सवय असली की मेंदू स्वतःहून मार्ग डावीकडे वळवतो, कारण तसं नाही केलं तर बॉल थेट शेजारच्या फेअरवेवर (खेळायच्या गवताच्या पट्ट्यावर). म्हणजे ओव्हर द टॉप ही पुष्कळदा चूक नसून उघड्या फेसवरचा जुगाड असते. हा जुगाड काढून टाकला आणि फेस तसाच ठेवला, तर बॉल पूर्वीपेक्षा जास्त उजवीकडे जाईल आणि माणूस दोन दिवसांत जुन्या स्विंगवर परत येईल. इंटरनेटवर ‘शॅलो करा, शॅलो करा’ (क्लब सपाट उतारावरून आणा) म्हणणारे निम्मे लोक फेसबद्दल एक शब्द बोलत नाहीत. जखम मांडीला, मलम शेंडीला.

दुसरं, डाउनस्विंगला वेळ असतो सुमारे पाव सेकंद. बॅकस्विंग त्याच्या तिप्पट. पाव सेकंदात ‘कोपर आत घे, कंबर फिरव’ असं काही सुचत नाही. जे बदलायचं ते पकड, उभं राहणं, वर गेल्यावरची स्थिती आणि वरून खाली वळतानाचा पहिला क्षण, एवढ्यातच.

तर पकड. बॅटची मूठ जाड असते, ती तळव्यात धरायची सवय. गोल्फची ग्रिप बारीक, ती डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी तिरकी बसली पाहिजे. तळव्यात धरली की मनगट घट्ट होतं आणि फेस बंद व्हायला वेळ लागतो. खाली बघितल्यावर डाव्या हाताचे दोन ते अडीच सांधे दिसायला हवेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यातली इंग्रजी व्ही हनुवटीकडे नको, उजव्या खांद्याकडे हवी. एकच सांधा दिसत असेल तर पकड कमजोर. हा बदल पहिले तीन-चार दिवस भयंकर वाटतो, बॉल डावीकडे जातात. जाऊ द्यावेत. फेस बंद होतोय याची ती पावती आहे.

वर गेल्यावर डावं मनगट बघायचं. हाताची पाठ मनगटाकडे मुडपली, म्हणजे वाटीसारखी खोलगट झाली, की फेस उघडतो. त्याला शाळेतली सहा इंची फूटपट्टी पुरते. डाव्या हाताच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली ती अशी सरकवा की निम्मी हाताच्या पाठीवर येईल. मनगट मुडपलं की पट्टीची कड हाताच्या पाठीत रुतते. ती न रुतता वर जाणं जमलं की फेस डाव्या बाहूच्या उताराशी समांतर राहतो. बॉल न ठेवता रोज वीस वेळा, आरशासमोर. यात काही शिकायचं उरत नाही, फक्त कंटाळा सहन करायचा.

आता जाळ्याविषयी, कारण सव्वादोनशे किलोमीटरवरच्या पुण्याच्या सरावाच्या रेंजवर रोज कोण जाणार. क्रिकेटचं सरावाचं जाळं चालत नाही. गोल्फ बॉल नियमाप्रमाणे कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा, आणि क्रिकेटच्या जाळ्याचे घर पुष्कळदा त्याहून मोठे. बॉल आरपार जातो नाहीतर अडकून बसतो. तासगाव भागात बेदाण्याच्या शेडला लावतात तसलं हिरवं शेडनेट दुहेरी करून टांगलं तर चालतं, पण ताणून बांधू नका. ताणलेल्या जाळ्यावर बॉल उसळून नडगीवर येतो. खाली फूट-दीड फूट झोळ सोडा आणि जाळ्यामागे भिंत असेल तर अंतर ठेवा. गच्चीवर मारणार असाल तर जाळ्याच्या दोन्ही बाजू नीट बंद करा. शँक झालेला, म्हणजे फेसऐवजी दांड्याच्या सांध्याला लागलेला, बॉल जवळजवळ काटकोनात उजवीकडे जातो आणि शेजारच्या सोलर हीटरच्या काचेच्या नळ्या उजवीकडेच असतात.

जाळ्यात बॉलचं वळण दिसत नाही, हीच अडचण. म्हणून बॉलपासून अडीच मीटरवर, लक्ष्याच्या रेषेत, जाळ्यासमोर एक सुतळी वरून लोंबती सोडा, खाली दगड बांधून. बॉल सुतळीच्या किती डावीकडून गेला ते बघायचं. अडीच मीटरवर १७ सेंटीमीटर म्हणजे चार अंश, आणि चार अंश म्हणजे दीडशे मीटरवर दहा मीटर. जाळ्यात एक वीत वाटणारा फरक मैदानावर बंकर (वाळूचा खड्डा) असतो.

मार्ग ओळखायला मात्र जमीन लागते. परसात किंवा शेताच्या कडेला दोन फूट बाय दोन फूट जागा सपाट करून त्यावर इंचभर ओली क्रश सँड पसरा. काळ्या रानावर थेट मारू नका. मे महिन्यात ही जमीन विटेसारखी टणक असते आणि उभ्या प्लेनने क्लब आपटला की मनगट आणि कोपर दोन्ही धरतात. पावसात ती क्लबला चिकटून सगळं वाचनच बिघडवते. वाळू ओली करून थोपटली की वर फक्कीच्या दोन रेघा मारा, क्रिकेटच्या मैदानावर क्रीज आखतात ती फक्की. एक रेघ लक्ष्याकडे जाणारी, दुसरी तिला काटकोनात. छेदतात तिथे बॉल आहे असं समजून बॉलशिवाय सात नंबर आयर्न फिरवा. क्लब जुना घ्या, क्रश सँडने फेसवर ओरखडे येतात.

वाळूत उमटलेली खूण दोन गोष्टी सांगते. ती आडव्या रेघेच्या पुढे (लक्ष्याच्या बाजूला) सुरू व्हायला हवी. आणि तिची दिशा. इथे बरेच जण फसतात. खूण थोडी डावीकडे झुकलेली असणं बरोबरच आहे. आयर्न खाली मारला जातो, समजा चार अंश. तिरक्या पत्र्यावर खाली येत असताना क्लब अजून बाहेरच्या दिशेनेही सरकत असतो, त्यामुळे मार्ग आपोआप दोन-सव्वादोन अंश उजवीकडे जातो. बॉलच्या क्षणी मार्ग शून्य हवा असेल तर पूर्ण स्विंगची दिशा तेवढी डावीकडेच असावी लागते. म्हणजे वीस सेंटीमीटर लांब खुणेच्या टोकाला आठ-दहा मिलिमीटर डावीकडे: उत्तम. अडीच-तीन सेंटीमीटर डावीकडे आणि टो-कडची (क्लबहेडच्या पुढच्या टोकाची) बाजू खोल: प्लेन उभं, बाहेरून आत. उजवीकडे झुकलेली, उथळ, आणि आडव्या रेघेच्या मागेच सुरू झालेली: क्लब मागे अडकून येतोय.

मोबाइल हा दुसरा साक्षीदार, पण नीट उभा केला तर. लक्ष्याच्या उलट बाजूला, आपल्यामागे अडीच-तीन मीटरवर, कमरेच्या उंचीवर, आणि बॉल व बुटांची टोकं यांच्या मधल्या रेषेत, म्हणजे हातांच्या रेषेत. मोबाइल हातभर आत-बाहेर सरकला तरी चांगला स्विंग उभा दिसतो आणि उभा स्विंग चांगला. साध्या तीस फ्रेमच्या व्हिडिओत डाउनस्विंगची सात-आठच चित्रं मिळतात. स्लो मोशनला २४० ठेवलं तर साठ. त्यातलं एकच चित्र थांबवून बघायचं: खाली येताना दांडा जमिनीला समांतर होतो तो क्षण. क्लबहेड हातांवर झाकलेलं दिसलं तर ठीक. हातांच्या पलीकडे, बॉलच्या बाजूला दिसलं तर ओव्हर द टॉप. हातांच्या अलीकडे, पाठीमागे लपलं तर अडकलेलं. पन्नास रेषा आखून देणारी ॲप्स आहेत, पण या एका चित्रापलीकडे त्यांची फारशी गरज पडत नाही.

उभ्या प्लेनची दुरुस्ती आता. ती वरून सुरू होते. बॅकस्विंग संपता संपता वजन डाव्या पायाकडे जायला लागलं पाहिजे, आणि तेव्हा पाठ अजून लक्ष्याकडेच असली पाहिजे. उजवा खांदा पहिल्यांदा हलला की खेळ संपला. यासाठी ‘पंप’: वर जा, पाठ न फिरवता हात छातीच्या उंचीपर्यंत सरळ खाली आणा, उजवं कोपर उजव्या खिशाच्या पुढे आलंय का बघा, तळवा परात धरल्यासारखा जरा आकाशाकडे. परत वर. असं तीनदा, चौथ्या वेळी अर्ध्या वेगाने बॉल मारा. कोपर खिशाच्या मागे राहिलं तर क्लब उभाच येईल, कितीही हळू करा.

त्याच्या जोडीला बुटाचा रिकामा खोका. बॉलच्या मागे २० ते २५ सेंटीमीटरवर आणि बाहेरच्या बाजूला, खोक्याची आतली कड बॉलच्या कडेपासून पाच सेंटीमीटर बाहेर. बाहेरून येणारा क्लब खोका उडवतो. पाच सेंटीमीटरवर फक्त फार वाईट स्विंग सापडतात. आठवड्याने तीनवर आणा, मग साधारण सहा अंशांचाही सापडतो. त्याहून जवळ आणू नका, टो स्वतःच बॉलच्या कडेच्या दोन सेंटीमीटर बाहेर असतो. खोक्याऐवजी वीट ठेवणारे लोक असतात. त्यांनी पुढचा सेट कुठून आणायचा ते आधी बघून ठेवावं.

रात्री, वीज गेलेली असेल तर उत्तमच, एक टॉर्चचा प्रयोग करता येतो. हातभर बांबूच्या काठीच्या दोन्ही टोकांना पेन टॉर्च टेपने चिकटवा, एक खाली, एक वर तोंड करून. काठी मधोमध क्लबसारखी धरा, बॉलच्या रेषेवर फक्कीची रेघ. वर जाताना डावा हात जमिनीला समांतर झाला की मुठीकडच्या (सुरुवातीला वर तोंड असलेल्या) टॉर्चचा उजेड त्या रेघेवर पडायला हवा. खाली येताना त्याच जागी तो रेघेवर किंवा किंचित पलीकडे. रेघ आणि पाय यांच्या मध्ये पडला तर दांडा उभा. खूप पलीकडे गेला तर फार सपाट. एकदा उजेड दिसला की शरीराला जे कळतं ते शंभर शब्दांत सांगून कळत नाही.

आता आगीतून फुफाट्यात जाणाऱ्यांविषयी. चार महिने शॅलोचे व्हिडिओ बघितले की क्लब मागे पडतो, बॉल सरळ उजवीकडे जातो (पुश) किंवा जोरात डावीकडे वळतो (हूक), मध्येच एखादा जमिनीत. अशा माणसाला वरचा पंप अजिबात करायचा नाही. त्याने खोका आतल्या बाजूला ठेवावा: बॉलच्या मागे फूटभर आणि पायाच्या बाजूला, कड बॉलपासून दहा-बारा सेंटीमीटर आत. डावा पाय थोडा मागे घेऊन उघडं उभं राहावं आणि मारल्यानंतर हात पोटाजवळून डावीकडे जाताहेत का बघावं. त्याची अडचण हातांत नसते, छाती फिरायची थांबलेली असते. छाती थांबली की हात एकटेच पुढे पळतात आणि फेस झटकन बंद होतो.

याचा सख्खा भाऊ म्हणजे कंबर बॉलकडे ढकलली जाणं. सुरुवातीला बूड जिथे होतं तिथून पुढे येतं, माणूस उभा राहतो, हातांना जागा उरत नाही. तपासायला प्लॅस्टिकची खुर्ची मागे ठेवा, सुरुवातीला बुडाच्या दोन्ही बाजू खुर्चीच्या पाठीला जेमतेम टेकलेल्या. बॅकस्विंगमध्ये उजवी बाजू दाबली जावी, बॉलच्या क्षणी डावी. दोन्ही सुटल्या तर आजार हाच. पण यावर थेट इलाज करायची घाई नको. प्लेन उभं असलं की क्लब जमिनीत घुसू नये म्हणून शरीर आपोआप उठतं, तेव्हा आधी उभेपणा काढा, निम्मं उठणं त्यानेच जातं. उरलेलं बहुधा ताठ झालेल्या घोट्या-कमरेचं. टाचा टेकून उकिडवं बसता येत नसेल तर खुर्ची कितीही ठेवा, कंबर जागेवर राहणार नाही. पंधरा दिवस रोज दोन-तीन मिनिटं तसं बसायचा सराव आधी.

परदेशी मापाचा जुना सेट असेल तर आणखी एक तपासणी. बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करने जाड उभी रेघ काढा, रेघ फेसकडे करून मारा. फेसवर उमटलेला ठसा सरळ उभा हवा. त्याचं वरचं टोक टो-च्या बाजूला झुकलं तर टो वर उचलला जातोय, बॉल डावीकडे खेचला जाणार. हील-कडे (दांड्याकडच्या टोकाला) झुकलं तर उलट. हा दोष क्लबचा असेल तर प्लेन बदलून तो जात नाही. क्लब-फिटिंग करणाऱ्याकडून लाय (दांड्याचा जमिनीशी असलेला कोन) वाकवून घ्यावा लागतो, आणि आयर्न ठोकून घडवलेले असतील तर ते सोपं, ओतीव असतील तर मोडण्याची भीती.

सरावाचं प्रमाण साधारण असं. एका बैठकीला चाळीस बॉल पुरे. बॉलशिवायचे वीस स्विंग फूटपट्टी लावून, मग एक सेंटीमीटर टी-वर (बॉल ठेवायच्या खुंटीवर) ठेवून सात नंबरने दहा बॉल चाळीस टक्के वेगाने पंप करून, वीस खोक्यासकट साठ टक्क्यांनी, शेवटचे दहा काही न ठेवता. खोका उडाला किंवा बॉल सुतळीपासून एक वीत गेला की वेग एक पायरी खाली. पहिले दोन आठवडे पकड आणि मनगट एवढंच, खोका तिसऱ्या आठवड्यात.

ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, आणि त्याला कारण आहे. त्याचा बॉल डाव्या टाचेसमोर असतो आणि क्लब वर जाताना मारला जातो, म्हणजे वरचं गणित उलटं होतं. तीन अंश वर मारलं तर मार्ग आपोआप अडीच-तीन अंश डावीकडे जातो. आयर्नला बरोबर आलेला तोच स्विंग ड्रायव्हरला स्लाइस देतो, आणि लोक प्लेन बिघडलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्याऐवजी बॉल डाव्या टाचेच्या दोन-तीन सेंटीमीटर आत घ्या, टी अशी लावा की निम्मा बॉल क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसेल, आणि खांद्यांची रेषा लक्ष्याच्या किंचित उजवीकडे. क्लबच्या वरच्या रंगावर पांढरे डाग पडत असतील, तर क्लब बॉलच्या खालून जातोय: प्लेन अजून उभं आहे, सात नंबरकडे परत या.